वरून कोथिंबीर

मनामात उतरले की काउंटरवर मी घाई करत नाही.
पासपोर्ट आधी, कार्ड नंतर,
कार्डाची सोनेरी बाजू वर.
मग पाव किलो वांगी घेऊन झाल्यावर
भाजीवाल्याकडे वरून कोथिंबीर मागावी
तेवढ्याच हळू आवाजात विचारते,
आज काही मोठं रिकामं आहे का?

सहा वर्षांत शिकले आहे.
गुरुवारी मागू नये,
पुलावरून सौदीच्या गाड्या येतात, हॉटेलं भरतात.
रविवारी मागावं, संध्याकाळी उशिरा,
रात्रपाळीची मुलगी नुकतीच खुर्चीत बसलेली असताना.
वाढदिवस आहे असं खोटं सांगू नये.
पासपोर्टावर तारीख असते.
मी एकदा सांगितलं होतं.

याला ते निष्ठा म्हणतात.
वर्षाला पन्नास रात्री.
मागच्या डिसेंबरात तीन कमी पडत होत्या,
तर घर ठाण्याला असून
मी पवईच्या हॉटेलात जाऊन तीन रात्री झोपले.
नवऱ्याला सांगितलं, ऑडिट आहे.
असल्या निष्ठेला आमच्याकडे वेगळा शब्द आहे.

आज मिळालं. एकविसावा मजला.
बॅगा घेऊन आलेल्याच्या छातीवर मुकादम लिहिलेलं.
म्हटलं, कुठले?
दाभोळ, म्हणाला, आणि ट्रॉलीचं हँडल सोडून
एकदम घरातल्या माणसासारखा उभा राहिला.

पडद्यांचं बटण दाखवलं.
दुसरी बाथरूम दाखवली, जणू पहिली कमी पडली तर.
सहा खुर्च्यांचं जेवणाचं टेबल,
त्यावर खजुराची बशी आणि चिठ्ठी:
प्रिय मिस्टर वृंदा खोत, घरी परत स्वागत.

खाली समुद्र होता,
म्हणजे भराव, क्रेन, आणि त्यापलीकडे समुद्र.
रात्री मुहर्रकला उतरणारी विमानं दिसतात इथून, तो म्हणाला,
मी आपला बॅगा ठेवेपर्यंत बघतो.

तुम्ही राहता कुठं?
गुदैबियात. कंपनीची खोली. आठ जण.
आणि मग, घरच्या ग्रुपवर खोलीचा फोटो टाकताना
माझा होतो
तसाच चेहरा करून म्हणाला,
यंदा खालची खाट मिळाली, मॅडम.
नऊ वर्षं झाली ना.
आता रात्री उतरताना
कुणाच्या पोटावर पाय पडत नाही.

मी म्हटलं, अभिनंदन.
दुसरं काय म्हणतात ते सुचलं नाही.
तो लाजला.
खालच्या खाटेचा एकच त्रास, म्हणाला,
सगळे येऊन तिच्यावरच बसतात.
चहा, पत्ते, घरचे फोन, सगळं माझ्या गादीवर.
हाकलणार कसं?
वर होतो तेव्हा मीही बसायचो.

तो गेल्यावर
एका खुर्चीवर पर्स ठेवली,
एकीवर लॅपटॉप, एकीवर ओला टॉवेल.
तरी तीन उरल्या.
पलंग एवढा रुंद
की दिव्याच्या बटणापर्यंत रांगत जावं लागलं.
अकरा विमानं उतरली. बारावं
दिसलं की स्वप्नात होतं, सांगता येत नाही.

सकाळी फोनवर प्रश्न आला:
आपलं वास्तव्य कसं झालं, एक ते दहा?
दहा दिले. खालच्या चौकटीत मुकादम लिहिलं,
स्पेलिंग नीट तपासून.
महिन्यात तीन पाहुण्यांनी नाव लिहिलं
की अर्धा दिवस सुटी मिळते,
हे त्यानेच सांगितलं होतं,
दार ओढून घेता घेता,
वरून कोथिंबीर मागावी तेवढ्याच आवाजात.

पुढच्या खेपेचं तिकीट आलं आहे.
गुरुवार आहे.
काही मिळेलसं वाटत नाही.